गायक गायब आणि चार्जर लावला की शिट्टी : तक्रारी दोन, दुखणं एकच

नमस्कार.

आपला प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना त्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी दिसल्या, दुसऱ्यांदा एकच दिसली. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. आपण इथलेच, इंदूरचे. गाडी २०१३ ची छोटी हॅचबॅक, गाण्यांचा डेक कंपनीचाच, त्याला ऑक्सचं, म्हणजे बाहेरून आवाज घ्यायचं, भोक आहे आणि जुना फोन त्यावर वर्षानुवर्षं नीट वाजत होता. नव्या फोनला गोल पिनचं भोकच नाही, फक्त टाइप-सी. जेल रोडवरून आधी एक स्वस्त कनेक्टर आणलात, तो चाललाच नाही. मग जरा महाग, चार्जर लावायलाही भोक असलेला कनेक्टर आणि सोबत नवी केबल आणली. आता आवाज येतो, पण नव्या गाण्यांत वाद्यं ऐकू येतात आणि गायक विहिरीत बसून गातोय असं वाटतं. वडिलांची जुनी गाणी तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. चार्जर लावला की गायक परत येतो, पण सोबत एक बारीक शिट्टी सुरू होते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढते. दुकानात दाखवलंत तर म्हणाले, डेक गेलाय, नवा मोठ्या स्क्रीनचा बसवा. दिवाळीत आई-वडिलांना घेऊन पुण्याला जायचंय, तेव्हा डेक बदलावा का, एवढं आपल्याला विचारायचंय.

माझं उत्तर : बदलू नका. निदान मी खाली सांगतोय ते करून बघेपर्यंत तरी नाही.

मी इंदुरात २२ वर्षं गाड्यांचं वायरिंग आणि टेप बसवायचं काम करतोय. (आमच्याकडे अजूनही अर्धे लोक डेकला टेपच म्हणतात, मीही म्हणतो.) तुमची गाडी समोर नाही, त्यामुळे काही गोष्टी अंदाजाने सांगाव्या लागतील. ऑक्सचं भोक कसं बसवलंय, मागे कुणी कधी वायरिंगला हात लावलाय का, लायटर सॉकेटची (ज्यात चार्जर खोचतो त्याची) वायर कुठून आलीय, यावर थोडंफार बदलू शकतं. पण तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की मुख्य दोष कुठे आहे याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही.

“चार्जर लावला की गायक परत येतो.” हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्यासाठी सगळं उत्तर त्याच्यात आहे.

ऑक्सच्या केबलमध्ये कामाच्या तारा तीन. एक डाव्या स्पीकरचा आवाज नेते, एक उजव्याचा, आणि तिसरी अर्थ, म्हणजे मायनस. डाव्या तारेतून गेलेला करंट अर्थने परत येतो, उजव्या तारेतून गेलेलाही अर्थनेच परत येतो. आता ही अर्थची तार कुठेतरी तुटली किंवा टेकलीच नाही, असं समजा. डाव्या तारेतून गेलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही, म्हणून तो उजव्या तारेतून परत यायला बघतो. मग डेकपर्यंत पोचतो तो डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक. जे दोन्हीकडे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं.

दोन्हीकडे सारखं काय असतं? गायकाचा आवाज. रेकॉर्डिंगमध्ये तो बहुतेक वेळा मधोमध ठेवतात, डाव्या-उजव्यात अगदी समसमान. तबला जरा एका बाजूला, व्हायोलिनं दुसऱ्या बाजूला, म्हणून ती उरतात. गायकाच्या आवाजाला जो घुमारा दिलेला असतो तो मात्र दोन्ही बाजूंना थोडा वेगवेगळा पसरलेला असतो, म्हणून आवाज जातो आणि घुमारा मागे राहतो. तुम्हाला विहीर ऐकू येते ती हीच.

आणि वडिलांची जुनी गाणी? लता मंगेशकरांचंच उदाहरण घ्या. लताबाई जन्मल्या आपल्या इंदुरात, १९२९ साली. त्यांची पन्नास-साठच्या दशकातली सिनेमाची गाणी मोनोमध्ये रेकॉर्ड झालेली. म्हणजे गायिका, सारंगी, ढोलक सगळंच डाव्या-उजव्यात तंतोतंत सारखं. फरक शून्य. त्यामुळे नव्या गाण्यात निदान वाद्यं तरी उरतात, जुन्या गाण्यात काहीच उरत नाही. डेक खराब असता तर त्याने नव्या-जुन्या गाण्यांत असा भेद केला नसता. फोन खराब असता तर हेडफोनवरही असंच झालं असतं. हा भेद करणारी एकच गोष्ट आहे, तुटलेला अर्थ.

आता चार्जर. गाडीच्या चार्जरचं मायनस लायटर सॉकेटमधून गाडीच्या बॉडीला जातं. डेकचं मायनसही बॉडीलाच जातं. चार्जर लावलात की फोनच्या मायनसला ऑक्सच्या केबलमधून नाही, पण बॉडीतून फिरून का होईना, डेकपर्यंत वाट मिळाली. परतीची वाट मिळाली म्हणून गायक परत आला. मात्र ही वाट आडवळणाची आहे, आणि त्या वाटेवर बाकीची सगळी वर्दळ आहे. हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, या सगळ्यांचा करंट त्याच बॉडीतून आणि त्याच मायनसच्या वायरींतून बॅटरीकडे परत जात असतो. लोखंडाच्या पत्र्याला आणि गंजक्या बोल्टाला थोडा तरी अवरोध असतोच, म्हणून लायटर सॉकेटचं मायनस आणि डेकचं मायनस यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. ऑक्समधून जाणारा आवाजच मुळी एक व्होल्टच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. त्यात हे मिलिव्होल्ट मिसळले की कानाला कळतात.

शिट्टी का, आणि ती चढते का, तेही सांगतो. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवणारं यंत्र, तीन फेजची एसी बनवतो आणि आतले डायोड तिची डीसी करतात. पण ही डीसी तलावासारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा राहतात. गाड्यांत सर्रास दिसणाऱ्या १२ पोलच्या (चुंबकाच्या १२ ध्रुवांच्या) अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्याला अशा ३६ लाटा. इंजिन आयडलला ८०० आरपीएमवर असेल आणि पट्ट्यामुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर सेकंदाला १,२०० लाटा होतात. म्हणजे चांगली ऐकू येणारी शिट्टी. इंजिन २,००० वर गेलं की त्याच ३,००० होतात. तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि शिट्टीचा सूर, दोन्ही सोबत चढतात ते यामुळे.

म्हणजे गायक जाणं आणि शिट्टी येणं ही दोन दुखणी नाहीत. ऑक्सच्या केबलचा अर्थ नीट नाही म्हणून गायक जातो, आणि त्याची जागा चार्जरचा अर्थ घेतो म्हणून शिट्टी येते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, एक पैसा न खर्च करता तपासून बघा. चार्जर काढा. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ असा पर्याय असतो, तो चालू करा आणि कुठलंही नवं गाणं लावा. मोनो केलं की फोन डाव्या-उजव्या दोन्ही तारांवर एकच आवाज पाठवतो. अर्थ नीट असेल तर गाणं व्यवस्थित वाजेल, फक्त पसरटपणा जाईल. अर्थ तुटलेला असेल तर नवं गाणंही जुन्यासारखंच जवळजवळ नाहीसं होईल. मग त्याच स्थितीत चार्जर लावा. गाणं एकदम उसळून आलं की निदान पक्कं झालं. तपासणी झाल्यावर मोनो बंद करायला विसरू नका, नाहीतर हेडफोनवर गाणी सपाट लागतील आणि कारण शोधत बसाल.

अर्थ नेमका कुठे तुटतो? माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत तीनच जागा असतात.

पहिली आणि सगळ्यात साधी : पिन पूर्ण आत जात नाही. तुम्ही केबल नवी घेतली आहे, म्हणून हे आधी बघा. हल्ली केबलच्या पिनेभोवतीचं रबर किंवा पत्र्याचं आवरण जाड असतं. गाडीतलं ऑक्सचं भोक डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये खोल बसवलेलं असतं. आवरण प्लॅस्टिकला अडतं आणि पिन मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर राहते. तेवढ्यानेच भोकातल्या पट्ट्या पिनेवरच्या चुकीच्या रिंगांवर, म्हणजे धातूच्या भागांवर, बसतात आणि अर्थ सुटतो. पूर्ण बसताना ‘टक्’ असा आवाज येतो, बोटांनाही जाणवतो. तो आला नाही तर पातळ गळ्याची केबल घ्या. भोकात कचरा असला तरी असंच होतं. लाकडी टूथपिकने हळूच खरवडा, सुई-टाचणी घालू नका. डेकचा फ्यूज काढून केलंत तर उत्तम.

दुसरी जागा : चार रिंगांची केबल. पिनेवरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे असतील तर पिनेचे तीन भाग झाले, डावा, उजवा, अर्थ. तीन पट्टे असतील तर चार भाग, आणि चौथा माइकसाठी. आजच्या फोनांमध्ये टोकापासून मोजलं तर डावा, उजवा, अर्थ आणि सगळ्यात मागे माइक असा क्रम असतो. गाडीच्या भोकात मात्र माइकची सोयच नाही, तिथे तीनच पट्ट्या आहेत, आणि अर्थची पट्टी पिनेच्या मागच्या भागाला टेकते. चार भागांची केबल घातली की तिथे अर्थच्या जागी माइकचा भाग येतो. अर्थ अर्धवट मिळतो किंवा मिळतच नाही. काही भोकांच्या पट्ट्या अशा असतात की तरीही चालून जातं, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीत तीच केबल नीट वाजते आणि आपल्या गाडीत नाही. गाडीसाठी दोन्ही टोकांना दोन काळे पट्टे असलेलीच केबल घ्यायची. दुकानात पाकीट उघडून मोजा. दुकानदाराला विचारलंत तर तो ‘सब में चलेगी’ म्हणेल.

तिसरी जागा : पिनेच्या गळ्याशी तार तुटलेली. तुमची केबल नवी आहे, म्हणून याची शक्यता कमी, पण नव्या केबलमध्येही मी हे पाहिलंय. साधारण दहा वर्षांपूर्वी रामबागेतले एक निवृत्त मास्तर आले होते. तक्रार हुबेहूब तुमच्यासारखी, गायक नाही. त्यांना एका दुकानात डेक बदलून दिला होता, चांगला महागाचा. तरी गायक आला नव्हता, कारण नव्या डेकला केबल जुनीच लावली होती. मी त्यांच्यासमोर त्या केबलचा गळा ब्लेडने उभा चिरला. रबर बाजूला केल्यावर आत केसासारख्या तारांचे तीन जुडगे दिसले, एक लाल झाक असलेलं, एक हिरवट, आणि एक उघड्या तांब्याच्या रंगाचं. लाल आणि हिरवं शाबूत होतं. तांब्याचं जुडगं जिथे पिनेला सोल्डर केलेलं होतं, तिथून एक मिलिमीटर अलीकडे झिजून तुटलं होतं. दोनच केस एकमेकांना टेकत होते. मास्तर चष्मा वर करून बराच वेळ ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “एवढंसं?” डेकचे पैसे गेलेले होते, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून माझा नियम आहे, डेकला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत केबल बदलून बघायची.

या तारा जोडायच्या असतील तर एक लक्षात ठेवा. रंग दिसतो ते वार्निश असतं, ते जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. तुम्ही नुसतं पिळून टेप गुंडाळलात तर चार दिवस चालेल. सवय नसेल तर नवी केबल घेणंच बरं. मल्टीमीटर असेल तर तो बीपवर ठेवून त्याच्या दोन सुया केबलच्या दोन्ही टोकांच्या सगळ्यात मागच्या भागांना लावून बघा, आणि बघताना गळ्याशी केबल वाकवत राहा. सरळ ठेवली की बीप येतो आणि वाकवली की तुटतो, अशी केबल फेकून द्या.

आता तुमच्या पहिल्या कनेक्टरबद्दल, जो चाललाच नाही. तो खराब होता असं नाही. जुन्या फोनच्या गोल भोकातून तयार आवाज बाहेर यायचा, म्हणजे स्पीकरला हवी तशी लहर. आवाजाचे आकडे वाचून त्यांची लहर करणारी चिप फोनच्या आत असायची. अ‍ॅपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ते भोक काढलं आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्यांच्याही बहुतेक महागड्या फोनांतून ते गेलं. आता टाइप-सीमधून बाहेर येतात ते नुसते आकडे. त्यांची लहर करणारी चिप कनेक्टरच्या आत असावी लागते. तिला डॅक म्हणतात. मधल्या काळात काही कंपन्यांच्या फोनांत टाइप-सीच्याच पिनांवरून तयार आवाज काढायची सोय होती, आणि त्या फोनांसाठी आत चिप नसलेले स्वस्त कनेक्टर निघाले. ते अजूनही विकले जातात. तुमच्या फोनमध्ये ती सोय नाही म्हणून तो कनेक्टर मुका राहिला. पाकिटावर ‘डॅक’ लिहिलेलं बघून घ्या. तुमचा दुसरा कनेक्टर चालतोय म्हणजे त्यात चिप आहे, तो बदलायचं कारण नाही. फक्त कनेक्टर लावल्यावर फोनचा व्हॉल्यूम परत एकदा वाढवून बघा, कारण अशा कनेक्टरांचा व्हॉल्यूम काही फोनांत वेगळा लक्षात ठेवला जातो आणि खालूनच सुरू होतो.

या निमित्ताने अजून एक सांगतो, कारण पुढच्या खेपेला दुकानदार ते पुढे करेल. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला ऑक्सची पिन अशी केबल मिळते. फोन-चार्जरची यूएसबी आणि गाडीचं ऑक्स थेट जोडून आवाज मिळेल असं वाटतं. मिळत नाही, तिच्यात चिपच नसते. तसंच डेकच्या यूएसबीत फोन लावून ‘नो फाइल’ दिसलं म्हणून डेक बिघडला असं समजू नका. जुने डेक पेन ड्राइव्ह वाचतात. फोन आता पेन ड्राइव्हसारखा उघडत नाही, त्याची फाइल द्यायची पद्धत वेगळी आहे आणि जुन्या डेकला ती कळत नाही. वडिलांची गाणी कायमचीच ठरलेली असतील तर एक पेन ड्राइव्ह एफएटी३२ (फाइली ठेवायची एक जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट करून त्यावर भरून ठेवा. पुण्यापर्यंत फोनची गरजच पडणार नाही, आणि त्यात केबलच नसल्यामुळे शिट्टीही नाही.

आता केबल बदललीत, मोनोची तपासणी पार झाली, गायक चार्जरशिवाय ठणठणीत आला, असं धरू. चार्जर लावल्यावर काय होईल? शिट्टी बरीच कमी होईल, कारण आता आवाजाला परतीची स्वतःची जवळची वाट आहे. पण पूर्ण जाईलच असं मी म्हणणार नाही. फोनला आता दोन वाटांनी अर्थ मिळतोय, एक केबलमधून आणि एक चार्जरमधून, आणि दोन वाटांचा मिळून एक फेरा तयार होतो. त्या फेऱ्यातून थोडा करंट फिरत राहतो. काही गाड्यांत तो कळतही नाही, काहींत त्रास देतो. गाडीगणिक बदलतं ते हेच.

उरलेला आवाज ऐकू आला तर आधी तो कुठला आहे ते ओळखा. चावी फिरवून डेक चालू करा, इंजिन बंद ठेवा, चार्जर लावा, गाणं थांबवा आणि डेकचा व्हॉल्यूम वाढवा. इंजिन बंद असतानाही किरकिर, कुजबुज असा आवाज येत असेल, फोनच्या स्क्रीनला हात लावल्यावर तो बदलत असेल, तर दोष चार्जरचा आहे. चार्जर १२ व्होल्टचे ५ करताना सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो, आणि हलका चार्जर ती कुरकुर पुढे सोडतो. चांगला चार्जर घ्या. इंजिन बंद असताना शांत आणि चालू केल्यावर शिट्टी, तर तो अल्टरनेटरचा आवाज अर्थच्या फेऱ्यातून येतोय. त्याला चार्जर बदलून फारसा फरक पडत नाही, लोक मात्र चार-चार चार्जर बदलतात.

फेऱ्यावर औषध म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर. काडेपेटीएवढी डबी, दोन्ही बाजूंना ऑक्सची जोडणी. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, एक डाव्यासाठी, एक उजव्यासाठी. आवाज चुंबकाने पलीकडे जातो, तारेने जात नाही. तार नसल्यामुळे फेरा तुटतो आणि शिट्टी जाते. अगदी स्वस्त डबीत खालचे सूर, म्हणजे तबल्याचा बायाँ, थोडे पातळ होतात, कारण छोट्या ट्रान्सफॉर्मरला ते नीट पेलत नाहीत. ऐकून घेता आली तर ऐकून घ्या.

पण क्रम सोडू नका. आधी केबल, मग आयसोलेटर. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत ही चूक केली आहे. शिट्टीची तक्रार आली की लगेच डबी लावायचो. अर्थ तुटलेल्या केबलला डबी लावली तर शिट्टी जाते, पण गायकही जातो आणि आता तो चार्जर लावूनही परत येत नाही, कारण बॉडीतून येणारी आडवळणाची वाटही डबीने बंद केलेली असते. गिऱ्हाईक म्हणतं, आधी निदान आवाज तरी येत होता. बरोबरच असतं त्याचं.

डबी नको असेल तर त्याहून सोपं : फोन पॉवर बँकवर चार्ज करा. पॉवर बँकचा गाडीच्या मायनसशी संबंधच नाही, फेरा तयारच होत नाही. फक्त ती पॉवर बँक त्याच वेळी लायटर सॉकेटला लावू नका, नाहीतर फेरा परत जुळतो. इंदूर-पुणे सेंधवा-धुळ्यावरून सहाशेच्या आसपास किलोमीटर, थांबत गेलात तर पूर्ण दिवस. भरलेली पॉवर बँक आरामात पुरते.

व्हॉल्यूमबद्दल थोडक्यात. फोनचा व्हॉल्यूम ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त डेकवरून करा. उलट केलंत, फोन कमी आणि डेक फुल, तर डेक गाण्यासोबत सगळी खरखरही मोठी करतो. फोन पूर्ण शंभरावर ठेवल्यावर आवाज फाटतोय असं वाटलं तर दोन घरं खाली आणा.

ऑक्समध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्यावा का, असं आपल्या मनात येईलच. वाईट नाही. फोनला कुठलीच तार राहत नाही, टाइप-सी चार्जिंगला मोकळं राहतं. पण तो रिसीव्हर स्वतःच्या बॅटरीवर चालणारा असावा. लायटर सॉकेटच्या यूएसबीवर चालणारा घेतलात तर त्याचं मायनस परत बॉडीला जोडलं जातं आणि शिट्टी हजर. गिऱ्हाईक मग म्हणतं, वायरलेस घेतला तरी तेच. आवाज हवेतून येतो, वीज तारेतूनच येते. एफएम ट्रान्समीटर मात्र मी सुचवत नाही. इंदुरात २००१ पासून खासगी एफएम आहे आणि ९८.३, ९४.३, ९३.५ अशी स्टेशनं जोरात लागतात. शहरात मोकळी जागा शोधावी लागते आणि रस्त्यात दुसऱ्या गावी पोचलात की तीच जागा भरलेली निघते. ऑक्स असताना ती यातायात कशाला?

डेक बदलायचा कधी, हेही प्रामाणिकपणे सांगतो, कारण दुकानदार प्रत्येक वेळी चुकीचा असतो असं नाही. दुसऱ्या फोनवर, दोन पट्ट्यांच्या पक्क्या केबलने, चार्जर काढून, तरीही गायक येत नसेल तर दोष गाडीच्या भोकात किंवा डेकच्या आत आहे. भोक अनेक गाड्यांत डेकपासून वेगळं असतं, मागून एका छोट्या वायरने जोडलेलं, आणि तेवढंच बदलता येतं. आधी तेच बघायला सांगा. डेकच्या आतली सर्किटच गेली असेल, किंवा तुम्हाला मागचा कॅमेरा, स्क्रीनवर नकाशा, स्टेअरिंगवरून फोन उचलणं हे सगळं हवंच असेल, तर बदला. नव्या डेकमध्ये ब्लूटूथ असल्यामुळे तुमची तक्रार आपोआप गेली असती, आणि ‘बघा, डेकच खराब होता’ असं वाटलं असतं. केबल मात्र तशीच राहिली असती.

शेवटी प्रवासाचं. ऑक्सवर फोन असताना कॉल आला की समोरच्याचा आवाज गाडीच्या स्पीकरांतून येतो, पण तुमचा आवाज फोनच्या माइकमधूनच जातो, त्यामुळे लोक नकळत फोन हातात घेऊन तोंडाशी धरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन धरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं आहे. मानपूरचा घाट उतरताना ट्रकांच्या मधोमध ते करण्यासारखं नाहीच. गाण्यांची यादी घरूनच लावून निघा आणि फोन मागे आईकडे द्या. दोन मीटरची केबल घेतलीत तर मागच्या सीटपर्यंत पोचते.

आज संध्याकाळी गाडीत बसून दोन गोष्टी करा : पिनेवरचे काळे पट्टे मोजा आणि मोनोची तपासणी करा. पट्टे किती निघाले आणि मोनोवर गाणं राहिलं की गेलं, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल. नवी केबल आणल्यावर पहिलं गाणं वडिलांच्या आवडीचं, जुनं, मोनोतलं लावा, चार्जर काढून. ते नीट लागलं की बाकीची सगळी लागतील.